मी निवडलेले सुपडूभाऊ

सुपडूभाऊ केळी खात नाहीत. उभा जन्म केळीच्या बागा कापण्यात गेला, पण केळं तोंडाला लावलं नाही. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा पिवळीधमक फणी त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी ती हलकेच बाजूला सारली आणि म्हणाले, "ज्याच्या मानेवर रोज विळा ठेवतो, त्याले खाऊ कसं?" बोरं मात्र आवडीने खातात. मी जळगावात मेहरूणला राहते. थंडीत सासरी सावद्याला जाताना पिशवीभर बोरं नेली की ते बाजेवर मांडी घालून बसत आणि एकेक बोर चवीने खात. बिया थुंकत नसत, सदऱ्याच्या खिशात ठेवत. त्या बियांचं पुढे काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायच्या राहून गेलेल्या गोष्टींत ही सगळ्यात लहान.

मी मूळची सोनगीरची. आमच्याकडे केळी म्हणजे बाजारातून डझनावर आणायची वस्तू. लग्न होऊन सावद्याच्या घरात आले तेव्हा झाडावरचा घड पहिल्यांदा जवळून पाहिला. पहिल्याच वर्षी कापणीच्या वेळी मी हौसेने बांधावर जाऊन उभी राहिले. नवी सून बागेत बघून टोळीतली माणसं गालात हसत होती. सुपडूभाऊ माझ्या शेजारी येऊन थांबले आणि बागेत पाऊलही न टाकता, तिथूनच बोट दाखवत म्हणाले, "हा उद्या. तो आठ दिवसांनी. अन् तो कोपऱ्यातला हाये ना, त्याले पंधरा दिवस झोपू द्या." मला सगळे घड सारखेच हिरवे दिसत होते. मग त्यांनीच समजावलं. कच्च्या केळाला कडा असतात. केळं भरत जातं तशा त्या बुजत जातात. दिल्लीला जायचा माल थोड्या कडा शिल्लक असतानाच कापायचा, जवळच्या बाजारचा गोल झाल्यावर. दोन दिवसांची चूक झाली तर केळं वाटेतच पिकतं, नाहीतर कधी धड पिकतच नाही.

भाऊ टोळीचे मुकादम. कापणीच्या दिवशी ते एकटे पुढे निघत आणि कापायच्या झाडाच्या खोडावर विळ्याने एक तिरकी खूण करत. टोळी मागून येई. खूण दिसली की घड उतरवायचा, नसली की पुढे चालायचं. खूण नसलेल्या झाडाला कोणी हात लावत नसे, आणि खूण असलेल्या झाडाबद्दल कोणी विचारत नसे.

केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळा पडतो आणि जात नाही. भाऊंचे कामाचे कपडे म्हणून घराबाहेरच्या खुंटीला असत. घरात शिरायचं ते आंघोळ करून, पांढरा सदरा घालून. त्यांच्या बायको, इंदूअक्का, यावरून त्यांना फार छळत. सदरा आत घेते आणि माणूस बाहेर ठेवते, असं चारचौघांत म्हणत. भाऊ ऐकून घेत. बोलणं त्यांना कमीच लागे. एक वाक्य मात्र ठरलेलं होतं, "घाई असंल तं दुसरा बोलवा."

हे वाक्य ते कोणालाही ऐकवत. एकदा भाव चढला म्हणून एका व्यापाऱ्याने आमची बाग सरसकट कापायला सांगितली. अर्धे घड भरायचे होते. भाऊंनी बागेत एक फेरी मारली, बाहेर आले, लिंबाखाली बसले आणि चहा मागवला. व्यापारी आधी गोडीत बोलला, मग आवाज चढवून, मग नानांकडे गेला. नाना म्हणाले, सुपडूचं आणि तुमचं तुम्ही बघा. संध्याकाळी ट्रक रिकामा परत गेला. भाऊंनी तोवर पाच चहा घेतले होते आणि दरवेळी त्या व्यापाऱ्यालाही अर्धा कप दिला होता.

हा माणूस मला आवडला, यात माझी चूक नव्हती. चूक पुढची आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. विशेषणं वाटत फिरणं हा माझा धंदा, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी मी वर्गात एक उपक्रम काढला. प्रत्येकाने आपला एक आदर्श निवडायचा. अट अशी, की तो माणूस जिवंत पाहिजे, प्रसिद्ध नको, आणि घरातला नको. त्याला जाऊन भेटायचं आणि त्याच्यावर लिहायचं. मुलं गोंधळली. मोठ्या माणसांची नावं सगळ्यांना पाठ होती, पण रोज दिसणाऱ्यातलं कोणी निवडा म्हटलं की पंचाईत. एकीने सरळ विचारलं, मॅडम, तुमचा आदर्श कोण? मी फुशारकीने म्हणाले, लिहून दाखवते.

त्यासाठी मी दोन-तीन रविवार भाऊंच्या मागे बागेत हिंडले. लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनी मला घरात नेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ताज्या फुलांचा हार घातलेली. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "आदर्श तं हा बसवेल हाये. ह्याची तब्येत बिघडत नही, हा पडत नही. जित्या माणसाले कशाले चढवता?" मला ते इतकं आवडलं की मी लगेच वहीत उतरवून घेतलं. म्हणजे उतरवून घेतलं, ऐकलं नाही.

त्या रविवारांत मी जे पाहिलं ते असं. भाऊ आता बांधावरून बोट दाखवत नव्हते. प्रत्येक झाडापाशी जात, मान थोडी तिरकी करत आणि घडावर हात फिरवत. खालच्या फणीपासून वरपर्यंत बोटं अशी चालत की बघत राहावं. चालताना समोरून कोणी आलं तरी त्यांच्या लक्षात येत नसे. एकदा पाण्याच्या नळीला अडखळले, एकदा मीच आडवी आले तर माझ्यावर आदळले आणि ओशाळून हसले. आधी हा माणूस दहा-बारा हात अंतरावरून घड ओळखत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. आता तो हात लावल्याशिवाय खूण करत नव्हता. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी ठरवलं, की हे कौशल्य आता नजरेच्या पलीकडे गेलं आहे.

लेखाचं नाव ठेवलं 'हातांना डोळे असलेला माणूस'. काय काय लिहिलं त्यात! भाऊ घडाकडे बघतही नाहीत, त्यांना बघायची गरज उरलेली नाही. बागेत ते इतके तल्लीन असतात की माणसं त्यांना दिसत नाहीत. त्यांची खूण आजवर चुकलेली नाही आणि चुकणार नाही. तो लेख आधी कॉलेजच्या अंकात आला, मग एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, फोटोसकट. सावद्याच्या चहाच्या टपरीवर कोणी तरी तो कापून काचेला चिकटवला. व्यापारी भाऊंना नमस्कार करायला लागले. टोळीतली माणसं ओळख करून देताना म्हणत, हे हातांना डोळे असलेले.

पुरवणी आली त्याच दिवशी दुपारी धुळ्याहून नलूताईचा फोन आला. नलूताई माझी मावसबहीण, डोळ्यांची डॉक्टर. मला वाटलं कौतुक करणार. ती म्हणाली, "मला हा लेख वाटला नाही गं, केसपेपर वाटला. मान तिरकी, माणसावर आदळतो, हाताने चाचपतो. त्याला बाजूचं दिसत नसणार. घेऊन ये इकडे, उशीर नको करू."

मी काय म्हणाले, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "तुला ना ताई, जिथे तिथे रोगच दिसतो." ती म्हणाली, दिसतो म्हणून तर डॉक्टर आहे, गुरुवारी आण. गुरुवारी कॉलेजात भाऊंचा सत्कार होता. शाल आणली होती, पत्रिका वाटल्या होत्या, गावोगावचे पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या लेखातली सगळ्यात सुंदर वाक्यं तिने लक्षणं म्हणून वाचली होती. ती खरी ठरली असती तर माझा लेख खोटा ठरला असता, आणि गुरुवारी मी मंचावर कोणाला उभं करणार होते?

गुरुवारी भाऊ आले. नवा सदरा, नवी टोपी, सोबत इंदूअक्का. सत्कार झाला, टाळ्या झाल्या. बोला म्हटलं तर एवढंच म्हणाले, की मॅडमनी लई चांगलं लिहिलं, पण बाग चांगली तं नानांची हाये. खाली उतरताना त्यांना पायरी दिसली नाही. माईकचा स्टँड धरून ते खाली आले, स्टँड पडला, सभागृहात हशा पिकला. इंदूअक्का जागेवरून उठल्या होत्या, मी ते पाहिलं. मी दुसरा माईक घेतला आणि म्हणाले, "भाऊंचे पाय कायम जमिनीवर असतात, मंचाची त्यांना सवय नाही." पुन्हा टाळ्या. भाऊसुद्धा हसले. नलूताईचं बोलणं त्या क्षणी माझ्या कानात वाजत होतं. विसरले होते असं म्हणायचीही सोय मला नाही.

त्यानंतर मात्र विसरले. परीक्षा, घरातलं लग्न, नव्या सत्राची गडबड. नलूताईने आणखी एकदा विचारलं, मी म्हणाले आणते. ती दुखावली, तिनेही सोडून दिलं. असं दीड वर्ष गेलं. भाऊ भेटत, बोरं खात, बिया खिशात टाकत. मला बघून आता थोडे ताठ बसत. टपरीवरचा कागद पिवळा पडला तरी कोणी काढला नव्हता.

गेल्या वर्षी नानांनी पहिल्यांदाच बागेतल्या घडांना पांढऱ्या बॅगा घातल्या. डाग पडू नये, साल चांगली राहावी म्हणून हल्ली सगळेच घालतात. खूण करताना बॅग वर करून आत बघायचं, काम तेवढंच वाढतं. कापणीला मी योगायोगाने तिथे होते. भाऊ पुढे गेले होते, टोळी मागून घड उतरवत होती. नाना आणि मी उशिरा पोचलो. रस्त्याकडेला घडांची रांग लागली होती. नानांनी एक बॅग ओढून काढली आणि नुसते बघत राहिले. दुसरी काढली, तिसरी काढली. केळी बोटाएवढी बारीक, कडा चाकूसारख्या धारदार. वेळेच्या महिनाभर आधी कापलेले घड. एका रांगेचे नाहीत, चार रांगांचे. भाऊ बॅगेवरूनच हात फिरवत खुणा करत गेले होते. बॅगेवरून बोटांना काय कळणार?

नानांनी आयुष्यात कधी भाऊंना आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी टोळीला थांबवलं आणि विचारलं, घड हातात घेता, खांद्यावर घेता, कोवळा आहे हे तुम्हाला कळत नव्हतं? शेवटी एक जण मान खाली घालून म्हणाला, "कळत व्हतं. पण भाऊची खूण व्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वाटलं, भाऊले आपल्यापरीस जास्त दिसतं."

भाऊ पाचव्या रांगेत होते. मी धावत गेले. मागचं काम थांबल्यावरून त्यांना काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून रस्त्याकडेला आणलं आणि उघडा घड हातात दिला. त्यांनी एका केळावरून अंगठा फिरवला. मग खाली बसले. विळा बाजूला ठेवला. म्हणाले, "दोन वर्सं झाले कमी दिसाले लागून. डाव्या डोळ्याचं आता गेलंच. उजव्याचं समोरचं तेवढं दिसतं."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही, भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली, तशीच तिरकी. "तुम्ही लिहिलं ना मॅडम, हाताले डोळे हायेत म्हनून. बठ्ठ्या गावानं वाचलं. मग कोन्या तोंडानं सांगू, की डोळ्यालेच डोळे नही?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला जरा सोपं गेलं असतं. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी माझा लेख खराब केला.

दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन मी धुळ्याला गेले. नलूताईने तासभर तपासलं. काचबिंदू. डावा डोळा गेला, तो येणार नाही. उजव्यात शिल्लक आहे तेवढं थेंबांवर टिकवायचं, तेही टिकलं तर. गेलेलं परत येत नाही, हे तिने भाऊंना दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "समजलं. घड उतरवला की खोडाले परत लागत नही." मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली आणि मला काहीच म्हणाली नाही. "तेव्हा आणलं असतंस तर" एवढंसुद्धा नाही. मीच विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? ती म्हणाली, "उजवा बराचसा. डाव्याचंही काहीतरी." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना सोनगीरला आईकडे थांबलो. भाऊ ओट्यावर चहा पीत होते. आत मी आईला सगळं सांगितलं. तिने माझा लेख कौतुकाने जपून ठेवला होता. ती म्हणाली, "तू बठ्ठं लिखं, पन त्यानाकडे दखं नही." सगळं लिहिलंस, पण त्याच्याकडे पाहिलं नाहीस. मी तिच्यावर चिडले, आणि मग रडले.

भाऊंचं काम सुटलं. टोळी दुसऱ्याने घेतली. नाना म्हणाले, येऊन नुसता बसत जा, पण भाऊ आले नाहीत. बागेत बसून खुणा दुसऱ्याने केलेल्या ऐकायच्या, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मी कॉलेजातला तो उपक्रम बंद केला. मुलांना कारण सांगितलं, की वेळ पुरत नाही.

एक गोष्ट मात्र मी भाऊंना सांगितली नव्हती. नलूताईने मला आधीच सांगून ठेवलं होतं, ही. त्यांना वाटत होतं की मी वेळेवर धावले, मी नसते तर उजवाही गेला असता. इंदूअक्का तर भेटेल त्याला सांगत, की मॅडमनी स्वतःच्या गाडीने धुळ्याला नेलं. माझी इतकी स्तुती कॉलेजातही कोणी केली नसेल. प्रत्येक वेळी त्यांच्या घरी जायचं, आता सांगायचं म्हणून बसायचं, आणि चहा पिऊन परत यायचं, असं चार-पाच महिने चाललं.

या महिन्यात पुन्हा गेले. अक्का शेजारी कोणाकडे गेल्या होत्या. भाऊ बाजेवर पडले होते, थेंबांची वेळ झाली होती. म्हणाले, तुम्हीच टाका आज. मी बाटली घेतली, त्यांची पापणी खाली ओढली. आडवं पडल्यावर माणूस फार म्हातारा दिसतो. उजव्या डोळ्यात थेंब पडला. तो मिटून घेत ते म्हणाले, "तुमच्या भैनीचा हात चांगला हाये. आधी भेट झाली असती तं."

"होणार होती," मी म्हणाले. "लेख आला त्याच दिवशी तिने मला फोन केला होता, भाऊ. तुम्हाला घेऊन ये म्हणाली होती. गुरुवारीच बोलावलं होतं. मी आणलं नाही."

"कोनता गुरुवार?"

"सत्काराचा."

उजवा डोळा मिटलेला होता आणि दुसरा उघडा, पण तो उघडा असून नसल्यासारखा. छातीवर ठेवलेले हात हलले नाहीत. बाहेर कोणी तरी ट्रॅक्टर वळवत होतं, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत मी तशीच बाटली धरून उभी होते. मग त्यांनी बोटाने डाव्या डोळ्याखाली दाखवलं.

"ह्यात राह्यलं," ते म्हणाले.

त्या डोळ्याला आता थेंबाचा काही उपयोग नाही, फक्त दुखू नये म्हणून टाकायचे. मी टाकला. माझा नेम चुकला आणि थेंब गालावरून कानाकडे गेला. त्यांनी तो पुसला नाही. मी पुन्हा टाकला. नलूताईने सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ती पाच मिनिटं मी बाजेशेजारी स्टुलावर बसून काढली. मग भाऊ उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि म्हणाले, अंधाराच्या आत घरी पोचा. रागावले, की माफ केलं, की त्यांना आता त्याचं काहीच वाटत नव्हतं, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

फाटकातून बाहेर पडून मी डावीकडे वळले, गाडी तिकडे लावली होती. थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं. भाऊ दारात उभे होते. पांढरा सदरा, ताठ मान. उजवीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, मी तिथे आहे असं समजून, ते हात हलवत होते. मी एक हाक मारली असती तर त्यांनी तोंड वळवलं असतं. माझ्या तोंडून हाक निघाली नाही, आणि ते बराच वेळ त्या रस्त्याला निरोप देत राहिले.